चव्वेचाळीस चोर आणि एक प्रश्न : जॉन बोल्बी यांच्या निबंधाचं फेरवाचन

 

मुलांच्या वर्तनसमस्यांवर बोलायचं ठरलं की श्रोत्यांची एक अपेक्षा असते. लक्षणं सांगा, कारणं सांगा, उपाय सांगा. ती माहिती आता सगळीकडे मिळते. म्हणून आज आपण थोडी वेगळी वाट धरू. एकच जुना निबंध घेऊ, तो नीट वाचू आणि त्याची झडती घेऊ. त्यात काय टिकलं आणि काय टिकलं नाही, ते पाहू. कारण या निबंधातून निघालेली एक समजूत आजही आपल्या शाळांत, दवाखान्यांत आणि घरांत वावरते आहे. मुलानं चोरी केली, खोटं बोललं, हात उगारला की पहिला प्रश्न येतो, "आई काय करत होती?" या प्रश्नाला शास्त्राचा आधार आहे असं मानलं जातं. तो कितपत आहे, हा आजचा विषय.

निबंध आहे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. नाव साधारण असं : 'चव्वेचाळीस बालचोर, त्यांचे स्वभाव आणि त्यांचं घर'. अलीबाबाच्या चोरांपेक्षा चार जास्त. त्यावरून बोल्बींची त्या काळी थट्टाही झाली. पण थट्टेचा भाग सोडला तर मूल, आई आणि बिघडलेलं वर्तन यांचं नातं आकड्यांत मांडण्याचा हा सुरुवातीच्या काळातला फार प्रभावी प्रयत्न होता.

निबंधात आहे काय?

बोल्बी १९३६ ते १९३९ या काळात लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात काम करत होते. (याच सुमाराला, १९३७ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेनंही बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. म्हणजे हा विचार फक्त लंडनचा नव्हता.) केंद्रात येणाऱ्या मुलांपैकी चोरी करणारी ४४ मुलं त्यांनी निवडली. तुलनेसाठी त्याच केंद्रात इतर तक्रारींसाठी आलेली, पण चोरी न करणारी ४४ मुलं घेतली. प्रत्येक मुलाची चाचणी झाली, मुलाशी बोलणं झालं, आईकडून लहानपणापासूनची हकीकत लिहून घेतली गेली.

मग त्यांनी चोरी करणाऱ्या मुलांचे स्वभावानुसार सहा गट पाडले. २ मुलं सर्वसाधारण, ९ खिन्न, २ खिन्नता आणि उत्साह यांच्या फेऱ्यात सापडलेली, १३ अतिउत्साही, ४ स्वतःत मिटलेली. आणि १४ मुलं अशी, की ज्यांना कुणाविषयीच माया वाटत नाही. रागावलं तरी काही नाही, जवळ घेतलं तरी काही नाही. या चौदा जणांच्या गटामुळे निबंध गाजला.

बोल्बींनी पाहिलं, की पहिल्या पाच वर्षांत सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ आईपासून, किंवा आईच्या जागी असलेल्या बाईपासून, पूर्ण ताटातूट कुणाची झाली होती? त्या १४ पैकी १२ जणांची. उरलेल्या ३० चोर मुलांपैकी फक्त ५ जणांची. आणि चोरी न करणाऱ्या ४४ मुलांपैकी फक्त २ जणांची.

आकडे बोलके आहेत, आम्हीही ते नाकारत नाही. कुणीही ते वाचून थबकेल.

आधी गुणांचं बोलू

टीका म्हटलं की लोक आधी दोष ऐकायला कान टवकारतात. पण या निबंधाचं मोठेपण आधी सांगायला हवं, नाहीतर दोषांचं वजन कळणार नाही.

त्या काळात चोरी करणाऱ्या मुलाकडे बघण्याच्या दोन रूढ तऱ्हा होत्या. एक, हा जन्मजात वाईट आहे. दुसरी, याला धाक नाही, चार फटके द्या. मनोविश्लेषणाच्या मंडळींची तिसरी तऱ्हा होती. त्यांचा भर मुलाच्या मनातल्या कल्पनांवर, सुप्त इच्छांवर असे. मुलाच्या आयुष्यात खरोखर काय घडलं, हा प्रश्न मागे पडायचा. बोल्बी त्याच संप्रदायातले, पण त्यांनी मुलाची हकीकत विचारली. कुठे होतास, कुणाजवळ होतास, किती दिवस, कोण भेटायला आलं? आज हे इतकं साधं वाटतं, की त्यात धाडस काय हे कळत नाही.

निबंधात एका मुलाची हकीकत आहे. दीड वर्षाचा असताना त्याला घटसर्प झाला. नऊ महिने रुग्णालयात राहिला आणि त्या काळात आईवडिलांना भेटू दिलं गेलं नाही. तेव्हाच्या इंग्लंडमधल्या रुग्णालयांचा तसाच रिवाज होता. आईबाप आले की मूल रडतं, रडलं की शिस्त बिघडते, म्हणून येऊच नका. नऊ महिन्यांनी मूल घरी आलं ते अनोळखी होऊन. आईला 'नर्स' म्हणू लागलं.

आता बघा, या एका शब्दात किती आहे. हे मूल वाईट नव्हतं, लाडावलेलंही नव्हतं. जी बाई जवळ येते, खाऊ घालते, पुसते आणि पाळी संपली की निघून जाते, तिला काय म्हणायचं हे ते शिकलं होतं. आणि घरी आल्यावर समोरच्या बाईला त्यानं तेच नाव दिलं.

या निरीक्षणातून पुढे फार मोलाचं काम उभं राहिलं. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. डॉक्टरांनी आधी नाकं मुरडली. पण १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीनं आजारी मुलांना आईवडिलांना मुक्तपणे भेटू द्यावं, अशी शिफारस केली. असंख्य मुलांचं रुग्णालयातलं रडणं त्यामुळे कमी झालं. एखाद्या निबंधाच्या पदरी एवढं पुण्य पुरेसं आहे.

आता हिशेब

पण पुण्य वेगळं आणि पुरावा वेगळा. तेव्हा आकड्यांकडे परत येऊ. पाटीवर साधी बेरीज-वजाबाकी करू.

चोरी करणारी मुलं ४४. त्यांतल्या लांबलचक ताटातूट झालेल्या मुलांची संख्या १२ अधिक ५, म्हणजे १७. मग ताटातूट न झालेली किती? २७. म्हणजे शंभरातली ६० हून जास्त मुलं आईपासून दूर न जाताच चोरी करत होती! आई घरात होती, मूल घरात होतं, तरी चोरी होत होती.

निबंधाचं नाव मात्र चव्वेचाळीस चोरांचं आहे. लोकांच्या लक्षात राहिलं ते असं, की 'आई दूर गेली की मूल चोर होतं'. प्रत्यक्ष कोष्टक काय सांगतं? चोरी करणाऱ्या मुलांतल्या एका विशिष्ट, लहान गटाशी, मायेला थारा न देणाऱ्या मुलांशी, ताटातुटीचा जवळचा संबंध दिसतो. विधान मोलाचं आहे, पण बरंच अरुंद आहे. चोरी या वर्तनाचं कारण ते देत नाही. एका प्रकारच्या नातेहीनतेचं संभाव्य कारण देतं.

बोल्बींवर अन्याय नको. उरलेल्या मुलांच्या घरात काय चाललं होतं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. चिडचिड्या, धास्तावलेल्या किंवा फार करड्या आया त्यात आहेत. मुलाचा उघड तिरस्कार करणारे काही वडीलही त्यात आहेत. हे वडील निबंधात आहेत, पण नंतरच्या चर्चेतून ते जवळपास गायब झाले. आईची गैरहजेरी गाजली, बापाची हजेरी कुणी मोजली नाही. आम्हाला हा निबंधाच्या वाचकांचा मोठा दोष वाटतो, आणि काही अंशी लेखकाचाही.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. मुलाचा स्वभाव कोणत्या गटात टाकायचा हे ठरवणारे बोल्बीच, आणि ताटातूट झाली की नाही हे ठरवणारेही बोल्बीच. ज्याला मुलाची हकीकत आधीच ठाऊक आहे त्यानं त्याला 'माया नसलेला' म्हटलं, तर ते म्हणणं निरपेक्ष राहत नाही. यात लबाडी नाही. पण दोन कामं दोन माणसांनी, एकमेकांना न सांगता करायला हवी होती.

तिसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. बोल्बींनी मागे वळून पाहिलं. समजा, दवाखान्यातल्या रांगेत सर्दी झालेल्यांना विचारलं, 'पावसात भिजला होता का?' बरेच जण हो म्हणतील. पण भिजूनही ठणठणीत राहिलेले लोक त्या रांगेत नाहीतच, ते कामावर गेलेत. लहानपणी आईपासून दुरावलेली आणि तरीही धड वाढलेली मुलं बोल्बींच्या केंद्रात येण्याचं कारणच नव्हतं. ती किती होती हे कळल्याशिवाय ताटातुटीचा धोका किती, हे सांगता येत नाही.

हे पुढे बोल्बींनीच तपासलं. १९५६ मध्ये त्यांनी मेरी एन्सवर्थ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांच्या आत क्षयरोगासाठी आरोग्यधामात राहिलेली ६० मुलं होती. ही मुलं शाळेत कशी आहेत ते पाहिलं. काहींना त्रास होता, पण बहुतेक मुलं 'माया नसलेली' वगैरे झाली नव्हती. ताटातुटीचे परिणाम पूर्वी वाढवून सांगितले गेले, हे त्या लेखात मान्य केलं आहे. दुर्दैव असं, की १९४४ चा निबंध जगभर पोचला आणि १९५६ चा लेख ग्रंथालयात राहिला.

एका शब्दाची झडती

आता आपण त्या १४ मुलांच्या नावाकडे वळू. बोल्बींचा इंग्रजी शब्द मराठीत आणताना आम्ही अडलो. 'स्नेहशून्य' म्हणावं, 'निष्प्रेम' म्हणावं, की 'कोरडा'? आणि अडल्यावर लक्षात आलं, की अडचण भाषांतराची नाही, मूळ शब्दातच दोन अर्थ कोंबलेले आहेत.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टी म्हणतो. 'हा मायेला पारखा झालेला पोरगा आहे.' आणि 'याला मायाच नाही.' पहिल्या वाक्यात मुलाला काय मिळालं नाही ते आहे. दुसऱ्यात मुलाच्या ठायी काय नाही ते आहे. पहिलं वाक्य घराकडे, दवाखान्याकडे, समाजाकडे बोट दाखवतं. दुसरं मुलाकडे. बोल्बींच्या शब्दानं ही दोन वाक्यं एक करून टाकली. मिळालं नाही म्हणून नाही, असं ते समीकरण झालं. ते सिद्ध करायचं होतं, तेच नावात गृहीत धरलं गेलं.

आपला आणखी एक शब्द आहे : 'कोडगा'. शिक्षक म्हणतात, "कितीही बोला, कोडगा झालाय." यातलं क्रियापद बघा. कोडगा 'आहे' असं कुणी सहसा म्हणत नाही, कोडगा 'झालाय' म्हणतात. मार खाऊन खाऊन, बोलणी खाऊन खाऊन झालाय. बोलीनं त्यात इतिहास ठेवला आहे. निदानाच्या भाषेत मात्र इतिहास हरवायला फार वेळ लागत नाही.

हा शब्दच्छल नाही. बोल्बींच्या एका शब्दातून पुढे दोन वंश निघाले. निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, दोन वेगळ्या जागी या मुलांची ओळख पटते. एक जागा आहे आसक्तीच्या, म्हणजे बांधिलकीच्या विकारांची. तिथे निदान करायचं तर लहानपणी संगोपनाची गंभीर आबाळ झालेली असणं ही अटच आहे. दुसरी जागा आहे वर्तनविकाराची. तिथे एक जोडविशेषण लावता येतं : पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, स्वतःच्या कामगिरीची फिकीर नाही, भावना उथळ. यांपैकी किमान दोन गोष्टी वर्षभर, वेगवेगळ्या नात्यांत दिसायला हव्यात. इथे मात्र आबाळीची अट नाही.

म्हणजे मायेला पारखी झालेली मुलं एका खान्यात आणि माया नसलेली दुसऱ्या खान्यात. हे विभाजन योग्य आहे, असं आमचं मत आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की दुसऱ्या प्रकारच्या थंडपणात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो. अशा मुलाची आई कुठेही गेलेली नसते. ती रोज त्याच्यासमोर बसून रडत असते आणि त्याला काही वाटत नाही म्हणून अजून रडत असते. तिला आपण बोल्बींच्या नावानं दोषी ठरवतो तेव्हा दुहेरी अन्याय करतो.

पण या विभाजनाचाही धोका आहे. घाईत काम करणारा डॉक्टर किंवा समुपदेशक इतिहास विचारायचा कंटाळा करतो. तसं झालं की पारखं झालेलं मूल सरळ दुसऱ्या खान्यात जाऊन पडतं. तिथून त्याला बाहेर काढणं फार अवघड. तिथे बोल्बींची मूळ सवय कामाला येते : आधी हकीकत विचारा.

आईच्या माथी

१९५१ मध्ये बोल्बींनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन आणि मानसिक आरोग्य यांवर अहवाल लिहिला. दोन वर्षांनी त्याची सोपी आवृत्ती स्वस्त पुस्तकाच्या रूपात आली आणि भरपूर खपली. युद्ध संपलेलं, पुरुष कामावर परतलेले, बायकांनी घरी परतावं असं वातावरण. त्या वातावरणात 'आई दूर गेली तर मूल बिघडतं' हे वाक्य कुणाच्या सोयीचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

निबंधात ताटातूट म्हणजे सहा महिन्यांहून अधिक, पूर्ण, भेटीविना. लोकांनी तिचा अर्थ केला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पाळणाघरात ठेवलेलं आणि संध्याकाळी कडेवर घेऊन घरी आणलेलं मूल हे बोल्बींच्या कोष्टकात कुठेच बसत नाही. तरी आज नोकरी करणारी मुलगी सासरी पहिल्यांदा पाळणाघराचं नाव काढते तेव्हा तिला जे ऐकावं लागतं, त्यात या जुन्या समजुतीचा अंश असतो. फक्त ऐकवणाऱ्याला तिचा उगम ठाऊक नसतो.

टीका तेव्हाही झाली. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी विचारलं, की जगातल्या कितीतरी समाजांत मूल अनेक हातांवर वाढतं, तिथे हा एकाच बाईचा आग्रह कुठून आणायचा? समाजशास्त्रज्ञ बार्बरा वूटन यांनी पुराव्याची कसून तपासणी केली. आणि १९७२ मध्ये मायकल रटर यांनी 'मातृवियोगाचा पुनर्विचार' अशा आशयाचं पुस्तक लिहून सगळा गुंता सोडवायला घेतला. त्यांची मांडणी आम्हाला आजही सर्वांत उपयोगी वाटते.

रटर यांनी दोन भेद केले. पहिला, नातं जुळून मग तुटणं वेगळं आणि नातं कधी जुळलंच नाही हे वेगळं. बोल्बींच्या १४ मुलांपैकी अनेकांचे सांभाळणारे हात वारंवार बदलले होते. त्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक खरी असावी. दुसरा भेद असा, की मुलाचं वागणं बिघडण्याशी ताटातुटीपेक्षा घरातल्या भांडणांचा संबंध जास्त जवळचा आहे. आई किंवा वडील मृत्यूनं गेले तर मुलाला दुःख होतं, पण त्यातून समाजविघातक वर्तन फारसं वाढत नाही. आईबाप कडाक्याची भांडणं करत वेगळे झाले किंवा भांडत एकत्र राहिले, तर मात्र ते वाढताना दिसतं. म्हणजे एकाच छपराखाली राहूनही मूल बिघडू शकतं. आठवा ती २७ मुलं.

मग बोल्बी चुकले का?

नाही. त्यांच्या विधानाचा गाभा जिथे खरा कसाला लागला, ती जागा रुमानियाची. तिथल्या राजवटीच्या काळात हजारो मुलं सरकारी अनाथालयांत वाढली. खाटांच्या रांगा, पाळीनं बदलणाऱ्या सेविका. २००१ च्या सुमाराला बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी तिथल्या १३६ तान्ह्या-लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं अर्धी मुलं पालक-कुटुंबांत पाठवली, अर्ध्यांचं नेहमीप्रमाणे चालू राहिलं. तेव्हा तिथे अशी पालक-कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती या कामासाठी उभी केली गेली.

निष्कर्ष वाचताना घाई करू नका. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, बांधिलकी सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची अधिक. साडेचार वर्षांच्या वयात चिंता आणि खिन्नता यांचे विकारही त्यांच्यात कमी आढळले. पण दंगेखोर वर्तनाचे विकार? त्या वयात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! बाराव्या वर्षी पाहिलं तेव्हा वर्तनसमस्या कुटुंबात गेलेल्यांत कमी दिसल्या. आणि ज्यांचं कुटुंब मध्येच बदललं नाही, जी मुलं एकाच घरी टिकून राहिली, त्यांना त्याचा लाभ अधिक झाला.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, टिकाऊ माणूस मुलाला लागतोच, यावर बोल्बी बरोबर होते. दोन, तो माणूस मिळाला की वागणं महिनाभरात सुधारेल ही आशा ठेवू नये. माया आधी पोचते, वर्तन मागून येतं, कधी कधी वर्षांनी. दत्तक किंवा पालक-कुटुंबातल्या कित्येक आईबापांना हे कुणी सांगितलेलं नसतं. एवढं केलं तरी पोरगा तसाच, म्हणून ते खचतात.

वयाचा हिशेब राहिला

निबंधातला आणखी एक दोष असा, की लहान मूल आणि किशोर त्यात एकाच मापानं मोजले आहेत. सहा वर्षांच्या मुलानं दप्तरातून पेन्सिल उचलणं आणि पंधरा वर्षांच्या मुलानं मित्रांच्या नादानं दुचाकी पळवणं यांना एकच नाव चालत नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. त्याच्या आधारानं टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवल्या. काही थोड्या मुलांचं वागणं अगदी लहानपणापासून बिघडलेलं असतं आणि पुढेही तसंच राहतं. त्यांच्यात मज्जासंस्थेच्या अडचणी आणि घरातली प्रतिकूलता एकमेकींना खतपाणी घालतात. दुसरी, कितीतरी मोठ्या संख्येची मुलं किशोरवयात नियम मोडतात आणि मोठी झाली की थांबतात. त्यांचं लहानपण बहुधा ठीकठाक असतं. मोठं झाल्यासारखं वाटतं पण मोठ्यांचे हक्क मिळत नाहीत, या पोकळीत ती काहीबाही करतात.

दुसऱ्या वाटेवरच्या मुलाला पहिल्या वाटेचं लेबल लावलं की काय होतं? शाळा नाव काढून टाकते, चांगले मित्र तुटतात, उरतात ते तसलेच. जे दोन वर्षांत विरून गेलं असतं ते आपणच पक्कं करतो. म्हणून वर्तनविकाराचं निदान करायला पुस्तिकेनं कडक अट घातली आहे : पंधरांपैकी किमान तीन लक्षणं, वर्षभरात. एक चोरी म्हणजे विकार नव्हे, दोन चोऱ्या म्हणजेही नव्हे.

आपल्याकडे पाहू

बोल्बींचं रुग्णालय आपल्याला लागू पडत नाही. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या बालविभागात आई खाटेशेजारी, नाहीतर खाटेखाली चटई टाकून असते. आजी डबा घेऊन येते. गर्दीची तक्रार असेल, पण मूल एकटं नसतं. आपली ताटातूट वेगळ्या ठिकाणी आहे.

बीडकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणारी जोडपी बघा. मूल बरोबर न्यावं तर शाळा बुडते आणि फडावर हाल. गावी ठेवावं तर पाच-सहा महिने आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. बोल्बींच्या सहा महिन्यांच्या मापात ते जवळपास बसतं. आदिवासी भागात सहा-सात वर्षांचं पोर आश्रमशाळेत जातं. या मुलांना 'धोक्यात' म्हणायची घाई आम्ही करणार नाही. आजी ही टिकाऊ माणूस असू शकते, बऱ्याचदा असतेच. आश्रमशाळेत एखादी स्वयंपाकीण मावशी पन्नास मुलांची नावं आणि खोड्या जाणून असते. प्रश्न आई आहे की नाही एवढाच नाही. हंगाम-दर-हंगाम तेच माणूस आहे का? रात्री ताप आला तर मूल कुणाला उठवतं? फोनवर आईशी बोलता येतं का? आई येणार म्हणाली त्या दिवशी येते का?

आणि वडिलांविषयीही तेवढंच विचारायचं. घरात मारहाण आहे का, दारू आहे का, मुलासमोर काय चालतं? शाळेत तक्रार झाली की चिठ्ठी आईच्या नावानं जाते, बाप कामावर असतो म्हणून सुटतो. १९४४ मध्ये जी गफलत झाली ती आपण रोज शाळेच्या कचेरीत करतो.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं एक तत्त्वच असं आहे, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. महाराष्ट्रात मुलाला कुटुंबातच सांभाळता यावं म्हणून आर्थिक मदत देणारी बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज कुठे मिळतो हे आपल्यातल्या किती शिक्षकांना माहीत आहे? चोरी करणाऱ्या मुलाच्या एकट्या आईला उपदेशापेक्षा तो अर्ज जास्त उपयोगी पडेल.

प्रश्नोत्तरांतून

शेवटी एका शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न इथे देतो. त्यांनी विचारलं, "आमच्या वर्गात एक मुलगा आहे, पाचवीतला. सगळ्यांच्या डब्यातलं घेतो, पैसे घेतो. पकडलं तर नुसता बघत राहतो. तुमचं ऐकून मला त्याची दया येते, पण बाकीच्या मुलांचं काय? त्यांचं नुकसान मी का सोसू द्यावं?"

बाई, सोसू देऊ नका. त्यानं घेतलेली वस्तू परत करायची, दर वेळी, न मारता आणि वर्गासमोर चोर न म्हणता. हा नियम त्याच्यासाठी आणि सगळ्यांसाठी सारखाच ठेवा. बाकी मुलांना न्याय दिसला पाहिजे. दुसरं, तो डब्यातलं घेतो असं तुम्ही म्हणालात. त्याचा स्वतःचा डबा असतो का, हे आधी बघा. कधी कधी सगळं मानसशास्त्र तिथेच संपतं. तिसरं, आईला बोलावलंत तर वडिलांनाही बोलवा, आणि पहिली पंधरा मिनिटं तक्रार न सांगता त्याची लहानपणापासूनची हकीकत ऐका. कुठे वाढला, कुणी सांभाळलं, घर किती वेळा बदललं. आणि हे वर्षभर असंच चाललं, घरीही आणि शाळेतही, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. पाठवताना चिठ्ठीत 'चोर' लिहू नका. काय घेतो, कधी घेतो, पकडल्यावर काय करतो, एवढंच लिहा. आणि पुढच्या वर्षी तो सहावीत गेला, की त्याच्या नव्या शिक्षकांना ही हकीकत सांगा, म्हणजे त्यांना सगळं पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.